पबमेड: फुकट आहे, तगडं आहे, पण शेजारी ग्रंथपाल हवा

पीजीच्या सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मॅडम, या टॉपिकवर पन्नास रेफरन्स काढून द्या ना." मॅडम कीबोर्ड पुढे ओढतात आणि स्क्रीनवर जे उघडतं ते बहुतेक वेळा पबमेड असतं. हे परीक्षण त्या पबमेडचं, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या फुकट साधनाचं. पण एकट्या पबमेडला गुण देऊन भागणार नाही, कारण चालवणारा हात बदलला की तेच साधन वेगळी उत्तरं देतं. म्हणून कीबोर्ड ओढणाऱ्या मॅडमच्या कामाचाही हिशोब यात आला आहे.

निकाल आधीच सांगतो. फुकट मिळणाऱ्या वैद्यकीय शोधसाधनांत पबमेडच्या तोडीचं दुसरं काही नाही. त्याचा खरा दोष एकच, आणि तो वाईट आहे: काय हाती लागलं नाही ते पबमेड सांगत नाही. शून्य निकाल आले तर माणूस चमकतो, काहीतरी चुकलं म्हणतो. दोनशे आले की खूश होऊन प्रिंट काढतो. त्या दोनशेत जो नेमका लेख नाही, त्याची जागा रिकामी दिसत नाही.

आधी थोडी ओळख. अमेरिकेत मेरीलंडमधल्या बेथेस्डा इथली नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन ही सेवा चालवते. मूळ फार जुनं: जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही छापील सूची सुरू केली. ती २००४ पर्यंत छापली जात होती. पबमेड सर्वांना फुकट झालं १९९७ मध्ये. आज त्यात ३ कोटी ७० लाखांहून जास्त नोंदी आहेत. नोंदी म्हटलं, लेख नव्हे. शीर्षक, लेखक, नियतकालिक, असला तर सारांश, एवढंच तिथे असतं. पूर्ण लेख दुसरीकडे.

याच ठिकाणी पहिला घोळ होतो. पबमेड, मेडलाइन आणि पबमेड सेंट्रल ही तीन नावं लोक एकाच अर्थानं वापरतात. मेडलाइन म्हणजे निवड समितीनं पारखून घेतलेली, सुमारे ५,२०० नियतकालिकं आणि त्यांच्या लेखांना लावलेले विषय-मथळे. पबमेड सेंट्रल हे २००० साली सुरू झालेलं पूर्ण लेखांचं फुकट कोठार. पबमेड ही दोन्हींना पोटात घेणारी खिडकी. "आमचं जर्नल पबमेड-इंडेक्स्ड आहे" असं संपादक सांगतात तेव्हा ते यातलं नेमकं काय म्हणतात, हे प्राध्यापकांच्या बढतीच्या फायलीत महाग पडू शकतं. खात्री करायला दोन मिनिटं लागतात. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा 'एनएलएम कॅटलॉग' उघडायचा, नियतकालिकाचं नाव किंवा आयएसएसएन (त्याचा ओळख क्रमांक) टाकायचा आणि नोंदीत 'करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन' असं लिहिलंय का ते बघायचं. पूर्वी होतं आणि आता नाही, असंही निघू शकतं. लेख पाठवण्याआधी हे ग्रंथपालाकडून बघून घ्या. छापून आल्यावर विचारायला येणाऱ्यांची संख्या जास्त असते.

आता प्रत्यक्ष शोध. उदाहरण कोकणातलं घेऊ: विंचूदंशात प्राझोसिन हे औषध. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर केलेलं काम जगभर वाचलं गेलं, त्यामुळे शोध बरोबर झाला की नाही ते तपासायला हा विषय सोयीचा.

रेसिडेंट बहुतेक वेळा थिसिसचं अख्खं शीर्षक चौकटीत चिकटवतात: 'अ स्टडी ऑफ क्लिनिकल प्रोफाइल अँड आउटकम ऑफ स्कॉर्पियन स्टिंग ट्रीटेड विथ प्राझोसिन इन अ टर्शरी केअर हॉस्पिटल'. पबमेड फुटकळ शब्द सोडून देतं आणि उरलेले सगळे 'अँड'नं जोडतं. म्हणजे प्रोफाइल, आउटकम, टर्शरी, केअर, हॉस्पिटल हे सगळे एकाच नोंदीत हवेत. असे लेख मोजकेच, आणि तेही आपल्याकडच्या अशाच शीर्षकांचे. मग "या विषयावर फारसं कामच झालेलं नाही" असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये जातं.

जाणकार ग्रंथपाल शीर्षक बाजूला ठेवतो आणि कागदावर दोन रकाने पाडतो. एकात विंचू, दुसऱ्यात प्राझोसिन. तिसरा रकाना पाडायचा मोह आवरायचा. 'इंडिया' नको, 'आउटकम' नको, 'मॉर्टॅलिटी' तर नकोच. सारांशात ते शब्द असतीलच असं नाही आणि प्रत्येक जादा रकाना लेख गाळतो. आता प्रत्येक रकान्यात दोन प्रकारचे शब्द भरायचे. पहिले म्हणजे मेश, अर्थात नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं ठरवलेले विषय-मथळे. साधारण ३०,००० आहेत आणि दरवर्षी सुधारले जातात. इथे 'स्कॉर्पियन स्टिंग्ज', 'स्कॉर्पियन व्हेनम्स', 'प्राझोसिन'. दुसरे म्हणजे लेखकांनी शीर्षकात आणि सारांशात स्वतः वापरलेले शब्द.

दुसऱ्या प्रकारात गंमत आहे. आपल्याकडच्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव आज हॉटेन्टोटा टॅम्युलस असं लिहितात. त्याआधी मेसोब्युथस टॅम्युलस होतं, जुन्या लेखांत ब्युथस टॅम्युलसही सापडतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली आलेल्या बावस्करांच्या चाचणीच्या शीर्षकात मेसोब्युथस आहे. आजच्या पुस्तकातलं नाव बघून फक्त 'हॉटेन्टोटा' टाकणाऱ्याला ती दिसणार नाही. उपाय सोपा: नावाचा पहिला भाग बदलत गेला, 'टॅम्युलस' कायम राहिलं, म्हणून नुसतं 'टॅम्युलस' शोधायचं. पण तेवढ्यावरही थांबता येत नाही. लॅन्सेटमध्ये १९८६ साली आलेल्या त्यांच्या टिपणाच्या शीर्षकात 'प्राझोसिन' आणि 'स्कॉर्पियन स्टिंग' आहे, लॅटिन नाव नाहीच. म्हणून साधा 'स्कॉर्पियन' हा शब्दही 'ऑर'नं (म्हणजे यातला कोणताही एक असला तरी चालेल) जोडून हवाच.

मेश आणि साधे शब्द दोन्ही का? कारण दोघांच्या चुका वेगळ्या आहेत. नवीन मथळा तयार झाला तरी जुन्या लेखांना तो मागे जाऊन लावला जाईलच असं नाही. शिवाय पबमेडमधल्या सगळ्याच नोंदी मेडलाइनच्या नसतात आणि ज्या नाहीत त्यांना मेश लागतच नाही. एप्रिल २०२२ पासून मथळे लावायचं काम यंत्र करतं. त्यामुळे वेग वाढला, पण यंत्र कधीकधी भलताच मथळाही चिकटवतं. उलट बाजूनं, साध्या शब्दांचा शोध जुन्या लेखांत लंगडा पडतो, कारण १९७५ च्या आधीच्या नोंदींना सहसा सारांशच नसतात. दोन्ही 'ऑर'नं जोडले की एकाची उणीव दुसरा भरतो.

जोडताना कंस. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. 'प्राझोसिन अँड स्कॉर्पियन ऑर टॅम्युलस' असं लिहिलं तर ते आधी पहिल्या दोघांची जोडी करतं आणि मग टॅम्युलसचे सगळे लेख, प्राझोसिन असो वा नसो, त्यात ओततं. गणितात सवय झालेली असते की यंत्र आपोआप क्रम लावेल. इथे लावत नाही. प्रत्येक रकाना आपल्या कंसात, मधे 'अँड', आणि हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत.

बारीकसारीक तीन गोष्टी, ज्यांवर ग्रंथपालाकडे सर्वात जास्त वेळ जातो. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावला (किमान चार अक्षरांनंतर) की सगळी रूपं मिळतात, पण त्या शब्दासाठी पबमेडचं आपोआप मेश शोधून देणं बंद पडतं. अवतरणचिन्हांत घातलेला शब्दसमूह त्यांच्या यादीत नसेल तर पबमेड ती चिन्हं सोडून देऊन सुटे शब्द शोधतं; वर बारीक सूचना येते, ती कुणी वाचत नाही. आणि शब्दामागे चौकटी कंसात 'शीर्षक-सारांश' ही खूण लावली की समानार्थी शब्द आणि ब्रिटिश-अमेरिकी वर्तनी आपली आपण लिहावी लागते. 'अ‍ॅनिमिया'ची एकच वर्तनी खूण लावून शोधली तर अर्धं जग बाहेर राहतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एक चांगली सोय आली: दोन शब्द एकमेकांपासून अमुक शब्दांच्या आत हवेत असं सांगता येतं. 'स्कॉर्पियन' आणि 'एन्व्हेनोमेशन' (विषबाधा) पाच शब्दांच्या आत, पुढे-मागे कसेही. फक्त तिथे तारा चालत नाही.

हे सगळं पबमेड मागच्या बाजूला काय करतंय ते बघायची जागा आहे: 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर, इतिहासातल्या प्रत्येक ओळीत 'डिटेल्स'खाली बाण. तिथे आपल्या दोन शब्दांचा त्यानं केलेला चार ओळींचा अनुवाद दिसतो. या एका बाणासाठी पबमेडला पूर्ण गुण. इतकी उघड कबुली फार थोडी साधनं देतात. पण ठेवलाय असा दडवून, की दाखवल्याशिवाय सापडत नाही.

डाव्या बाजूचे फिल्टर मात्र फसवे आहेत. प्रतिविषाचे लेख शोधताना उंदीर-ससे येतात म्हणून विद्यार्थी 'ह्यूमन्स'वर टिचकी मारतो. तो फिल्टर मेशवर चालतो. मथळे न लागलेली प्रत्येक नोंद, माणसांवरची असली तरी, बाहेर. वय आणि लिंगाच्या फिल्टरांचंही तेच. ग्रंथपाल याच्याऐवजी उलटी गाठ मारतात: 'नॉट' लिहून पुढे कंसात 'अ‍ॅनिमल्स नॉट ह्यूमन्स', दोन्ही मेश म्हणून. म्हणजे फक्त प्राण्यांवरचे म्हणून ज्यांवर शिक्का आहे तेच जातात, बिनशिक्क्याचे राहतात. 'फ्री फुल टेक्स्ट'चा फिल्टर तर थिसिससाठी लावूच नका. पैसे पडत नाहीत ही पुरावा निवडायची कसोटी होऊ शकत नाही.

शोध जमला की नाही ते ओळखायची युक्ती ग्रंथपालांच्या कामातली सर्वात कामाची. विषयावरचे तुम्हाला आधीच माहीत असलेले चार-पाच पक्के लेख घ्या, त्यांचे पीएमआयडी (पबमेडनं प्रत्येक नोंदीला दिलेले) क्रमांक 'ऑर'नं जोडून एक वेगळी ओळ करा, आणि ती तुमच्या शोधाशी 'अँड' करा. पाच लेख दिले आणि पाच परत आले, ठीक. चार आले तर पाचव्याची नोंद उघडून बघा: कोणता शब्द तिथे वेगळा आहे, मेश लागलंय का, सारांश आहे का. तो शब्द रकान्यात घाला आणि पुन्हा चालवा. बहुतेक शोध दोन-तीन फेऱ्यांत सुधारतात. म्हणून ग्रंथपालाकडे जाताना "टॉपिक" घेऊन जाऊ नका. एका ओळीत प्रश्न, हे चार-पाच लेख आणि तारीख किती जवळ आहे, एवढं घेऊन जा. "पन्नास रेफरन्स" ही मागणी पूर्ण होते, पण त्यातून मिळतात ते वरचे पन्नास. पबमेडचा मूळ क्रम 'बेस्ट मॅच' असतो, आणि बेस्ट कुणासाठी ते यंत्र ठरवतं.

वॉर्डातल्या डॉक्टरांसाठी सगळा मामला वेगळा. राउंडमध्ये प्रश्न पडला, उत्तर दुपारपर्यंत हवं. तिथे वरचा सगळा काथ्याकूट नको. 'क्लिनिकल क्वेरीज' हे पान बरं. उपचार, निदान, कारण, रोगाची वाटचाल यांपैकी प्रकार निवडायचा आणि 'नॅरो' ठेवायचं. चांगला ग्रंथपाल इथे तीन लेख देतो, फार तर चार, आणि पहिला शक्यतो मार्गदर्शक सूचना किंवा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर गोळा करून घेतलेला आढावा) असतो. तीस लेखांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर डॉक्टर ती उघडणारही नाहीत. डोस किती द्यायचा, हे ग्रंथपाल सांगत नाही आणि सांगूही नये. डोस कुठल्या लेखात, कुठल्या रुग्णांवर तपासला ते काढून देतो.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करायचा असेल तर पबमेड पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मेडलाइनसोबत एम्बेस (वैद्यकीय लेखांची दुसरी मोठी सूची) आणि कॉक्रेनचं सेंट्रल (चाचण्यांची सूची, पबमेड सेंट्रल नव्हे) ही किमान अपेक्षा धरतात. एम्बेस विकतचं आणि महाग. नसेल तर ती मर्यादा म्हणून लेखात लिहा, लपवू नका. भारतीय चाचण्यांसाठी सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) ही नोंदवही बघा. २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून चाचणी सुरू होण्याआधीच नोंद करावी लागते, त्यामुळे छापून न आलेलं कामही तिथे सापडतं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कसा लिहावा याची मार्गदर्शिका, प्रिझ्मा २०२०, प्रत्येक साधनातला पूर्ण शोध जसाच्या तसा द्यायला सांगतं. शोधाची ओळ न ओळ, चालवल्याची तारीख, आलेला आकडा. ग्रंथपालांनी एकमेकांचे शोध तपासायची 'प्रेस' नावाची सहा मुद्द्यांची यादी आहे. कॉलेजात दुसरा ग्रंथपाल नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्याला मेल करून विचारलं जातं. एवढं काम करणाऱ्याचं नाव आभारात एका ओळीत येतं. शोध त्यानंच बांधला आणि पद्धतीचा परिच्छेदही त्यानंच लिहिला, तर सहलेखक म्हणून नाव घालण्याबद्दल आधीच बोलून घ्यावं.

एक तांत्रिक अडचण: पबमेड एका शोधातले पहिले १०,००० निकालच दाखवतं आणि उतरवू देतं. त्याहून मोठा शोध वर्षांचे तुकडे पाडून उतरवावा लागतो. नंतर झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन दुबार नोंदी काढायच्या. तिथेही सगळं यंत्रावर सोडू नका. परिषदेतला सारांश आणि नंतरचा पूर्ण लेख शीर्षकानं सारखे दिसतात, पण त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

पूर्ण लेख मिळवणं हा विद्यार्थ्यांचा सर्वात मोठा गैरसमजाचा भाग. पडद्यावर डॉलरमधली किंमत दिसली की विषय सोडून देतात. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. आपलं कॉलेज यादीत आहे का, घरून लॉगिन कसं करायचं, हे ग्रंथपालाकडे पाच मिनिटांचं काम. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत; त्यांना स्वतःची वर्गणी, डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत मागवलेली प्रत, किंवा थेट लेखकाला मेल. शेवटचा मार्ग वाटतो त्यापेक्षा जास्त चालतो. भारतीय लेखकांचं नाव शोधताना मात्र सांभाळून. 'पाटील एस' टाकून बघा आणि महाराष्ट्रात किती पाटील संशोधन करतात त्याचा आनंद घ्या. नावाला विषयाचा एक शब्द किंवा संस्थेचं नाव जोडल्याशिवाय तिथे काही हाती लागत नाही.

अलीकडे एक नवीन काम ग्रंथपालांच्या टेबलावर आलंय: चॅटबॉटनं दिलेले रेफरन्स. लेखक खरे, नियतकालिक खरं, वर्षही पटण्याजोगं, लेख मात्र अस्तित्वात नाही. पबमेडचं 'सिंगल सायटेशन मॅचर' इथे कामाला येतं. नियतकालिक, वर्ष, खंड आणि पहिलं पान भरायचं. खरा लेख असेल तर लगेच समोर येतो. काही निघालं नाही तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो अंक उघडून पान बघायचं, कारण पबमेडमध्ये नसलेला खरा लेखही असू शकतो. मागे घेतलेल्या लेखांवर पबमेड ठळक पट्टी लावतं आणि झोटेरोही लाल खूण दाखवतं. छापायला देण्याआधी यादीवरून एकदा नजर फिरवा.

लायब्ररीच्या बाजूच्या तक्रारीही आहेतच. बऱ्याच ठिकाणी शिकलेल्या ग्रंथपालाचा दिवस तपासणीच्या फायली, पुस्तकांचे शिक्के आणि हजेरीत जातो. ओरिएंटेशन वर्षातून एकदा, तेही दीडशे मुलांना एका हॉलमध्ये, प्रोजेक्टरवर. त्यातून कंस कुठे घालायचे ते कुणालाच कळत नाही. संध्याकाळी, जेव्हा रेसिडेंटला वेळ मिळतो, तेव्हा रीडिंग रूम उघडी असते आणि ग्रंथपालाची खुर्ची रिकामी. यावर निदान एक तोडगा काही ठिकाणी चालतो: दुपारी ठरावीक अर्धा तास, एका वेळी एक विद्यार्थी, आधी नाव नोंदवून.

त्या अर्ध्या तासात शोध बांधून झाला की उठण्याआधी पबमेडवरच्या आपल्या 'माय एनसीबीआय' खात्यात तो साठवा आणि महिन्याला ई-मेल येईल अशी सूचना लावा. थिसिस संपेपर्यंत नवे लेख आपोआप येत राहतील. खातं नसेल तर ओळ न ओळ वर्डमध्ये चिकटवून तारीख टाका. पबमेडचा इतिहास आठ तास हात लागला नाही की पुसला जातो, आणि परवा तुम्ही नेमकं काय टाइप केलं होतं ते मॅडमलाही आठवणार नाही.